रंगासाठी फुलं लावायची आहेत, पण मधमाश्यांच्या तोंडचं काढायचं नाही. कोल्हापूरकरांनो, सांगा!

रंगारीण

नमस्कार मंडळी. कळंब्याच्या पुढं आमची दोन गुंठे जागा मोकळी पडून आहे. विहिरीचं पाणी आहे, माती काळी पण निचरा होणारी, आणि तिन्ही बाजूंना ऊस. मी फुलापानांच्या रंगात सुती स्टोल आणि साड्या रंगवते. आजवर झेंडू विकत घेत आले, तोही दसऱ्याच्या दुसऱ्या दिवशी. खंडेनवमीला ज्या झेंडूसाठी घासाघीस करावी लागते, तोच झेंडू दसरा उलटला की महाद्वार रोडला पोत्यानं पडून असतो. विकणाऱ्या मावशीच म्हणतात, "न्या की वो, आता कुणाला पायजे!" रंगाला तो उत्तम चालतो. पण त्यावर काय काय मारलंय ते कळत नाही, आणि वर्षभराचा माल एकदम वाळवायचा म्हणजे जिन्यापासून गच्चीपर्यंत फुलंच फुलं.

म्हणून यंदा स्वतःच लावायचं ठरवलंय. ज्याला सांगावं तो म्हणतो, "वा, मधमाश्यांचीपण सोय होईल!" मला हे इतकं सरळ वाटत नाही. मला फूल खुडायचंय, माशीला ते झाडावर हवंय. शिवाय नर्सरीत जे रोप मिळतं तो गच्च पाकळ्यांचा गोंडा. त्यावर माशी क्वचितच टेकते. कुंपणाजवळ आपोआप उगवलेल्या मखमलीवर, म्हणजे बारक्या झेंडूवर, मात्र सकाळपासून फुलपाखरं असतात.

तर प्रश्न असे. रंग आणि माश्या दोन्हींना चालतील अशी फुलं कोणती? खुडायची कधी आणि किती? आणि शेजारच्या उसावरच्या फवाऱ्याचं काय करायचं?

एक विनंती, गोकर्ण आणि जास्वंद सुचवू नका. पातेल्यात निळं-जांभळं पाणी फार देखणं दिसतं, पण कापडावर टिकत नाही. दोन धुण्यांत गायब.

खवचट_पेठकर

शिवाजी पेठेतून रामराम. १९०६ साली ज्या गावात शाहू मिल उभी राहिली, तिथली माणसं आता पातेल्यात फुलं उकळायला लागली म्हणायची. चालू द्या. पण ताई, दोन गुंठ्यांत किती साड्या निघणार? हिशेब मांडा एकदा. बाकी माश्यांचं माझ्याकडनं पूर्ण समर्थन, फक्त आग्या नको.

वनस्पतीवाला

पेठकर, हिशेब नंतर. आधी गोंड्याचं बघू.

आपण ज्याला झेंडूचं एक फूल म्हणतो तो खरं तर शेकडो बारक्या फुलांचा गुच्छ असतो. कडेची जीभेसारखी दिसतात ती किरणपुष्पं, मधली नळीसारखी ती बिंबपुष्पं. पराग असतो तो मधल्या नळ्यांत. किरणपुष्पांत नुसता स्त्रीकेसर. गोंडा जितका भरगच्च करत नेला, तितक्या मधल्या नळ्या कमी होत गेल्या आणि त्यांची जागा पाकळ्यांनी घेतली. म्हणजे हाराला आणि रंगाला जे हवं, तेच माशीच्या मुळावर आलं. ताईंचं निरीक्षण एकदम बरोबर आहे.

तुमच्या कुंपणाजवळची एकेरी मखमल ठेवा आणि तिचंच बी धरा. मध्ये पिवळी टिकली उघडी दिसणारी, कडेला एकच पाकळ्यांची ओळ, अशीच झाडं बियाण्याला निवडायची. भरगच्च आलेलं रोप रंगासाठी वापरा, पण त्याचं बी पुढच्या वर्षी नको.

रंगाबद्दलही एक गैरसमज आहे. झेंडू म्हटलं की लोक ल्युटीनचं नाव घेतात, कारण कोंबड्यांच्या खाद्यात ते घालतात आणि अंड्याचा बलक पिवळाधमक होतो. पण ल्युटीन पाण्यात विरघळत नाही. कापडावर तुरटीच्या जोरावर बसतो तो क्वेर्सेटाजेटिनसारख्या फ्लेव्होनॉइडांचा पिवळा. तो कोमेजलेल्या पाकळीतही राहतो. म्हणून फूल ताजं टवटवीत असतानाच तोडलं पाहिजे असं काही नाही. माशीचं काम झालं, पाकळी मलूल व्हायला लागली, की तोडा. फक्त सडू द्यायचं नाही.

रंगारीण

सर, हे फार उपयोगी आहे. मलूल फुलाचा रंग थोडा उबदार येतो असा माझाही अंदाज होता. हिरवा देठ आणि पुष्पकोश काढून नुसत्या पाकळ्या घेतल्या तर स्वच्छ पिवळा, अख्खं फूल टाकलं तर किंचित शेवाळी झाक.

पेठकर, घ्या हिशेब. सुती साडी साधारण अर्धा किलो. ताजी फुलं तिच्या दुप्पट वजनाची घेतली तर छान गडद पिवळा येतो, म्हणजे किलोभर. स्टोल दीडशे ग्रॅमचा, त्याला तीनशे ग्रॅम फुलं. मला दुकान काढायचं नाहीये.

सातेरी_भुदरगड

ताई, मी पेट्या ठेवतो. आमच्या भुदरगडमधलं पाटगाव 'मधाचं गाव' म्हणून जाहीर झालंय ते तुम्ही ऐकलंच असेल. त्या अंगानं चार गोष्टी सांगतो.

पहिलं म्हणजे दोन गुंठ्यांवर मधाची आशा धरू नका. सातेरी, म्हणजे आम्ही पेटीत पाळतो ती माशी, किलोमीटरभर फिरते, तिच्या दृष्टीनं तुमचं रान म्हणजे एक थांबा. पण तो थांबा कधी उघडा असतो याला महत्त्व आहे. आमच्याकडं मध येतो उन्हाळ्यात, जांभूळ-हिरडा फुलतो तेव्हा. जून लागला की पेटी उपाशी. धो धो पावसात माशी बाहेर पडत नाही आणि पडली तरी फुलात पाणी. आम्ही साखरेचा पाक देऊन वसाहत जगवतो. तेव्हा श्रावणात, उघडीप मिळेल तेव्हा जे फुलेल त्याची किंमत जास्त. मार्गशीर्षात चार फुलं कमी असली तरी चालतील.

दुसरं, 'मधमाशी' म्हणून फक्त सातेरी नि आग्या धरू नका. फुलोरी आहे, ती काडीला हाताएवढं एकच पोळं लावते. पोया आहेत, भिंतीच्या फटीतल्या, डंख न मारणाऱ्या. त्या चार-पाचशे मीटरच्या पुढं जात नाहीत. त्यांच्यासाठी तुमचे दोन गुंठे म्हणजे मोठी गोष्ट. आणि एकट्या राहणाऱ्या माश्या, त्यांच्याबद्दल वनस्पतीवाले सर सांगतील.

खुडण्याचं म्हणाल तर सकाळी बिलकुल नको. पराग सकाळी उघडतो, दहा-अकरापर्यंत माश्यांची झुंबड. तुम्ही चारनंतर जा. आणि तिसरा हिस्सा न खुडता ठेवा. हा काही कुणी घालून दिलेला नियम नाही, माझं मत आहे.

बावड्याची_काकू

कसबा बावड्याहून लिहिते आहे. आमच्या दारात पारिजातक आहे. त्याचे केशरी देठ काढून आमच्या सासूबाई रेशमी काठाचं पातळ रंगवायच्या. देठ सावलीत वाळवायचे, कोमट पाण्यात भिजत टाकायचे. जास्त उकळलं की रंग मळका होतो. सुतावर फिका बसतो, रेशमावर सुरेख.

त्यात खुडायचा प्रश्नच नाही. पहाटे सडा पडतो, चादर अंथरून ठेवायची. तुमच्या माश्यांचं काही कोणी हिरावत नाही.

वनस्पतीवाला

काकू, अगदी नेमकं. पारिजातक रात्री फुलतो, पांढरा आणि वासाचा, त्याचं गिऱ्हाईक म्हणजे रात्रीचे पतंग. सकाळी जे खाली पडतं ते त्यांचं काम उरकलेलं फूल. केशरातला क्रोसेटिन हाच रंग त्या देठात असतो, म्हणून तो सोनेरी-केशरी दिसतो. उन्हात मात्र उतरतो, तेवढं गिऱ्हाइकाला सांगायचं.

पळसाचंही तसंच. माघ-फाल्गुनात झाडाखाली पडलेली फुलं गोळा करा. वर सूर्यपक्षी, मैना, साळुंक्या यांची दिवसभर जत्रा असते, फांदी ओरबाडू नका. आपल्याकडं धुळवडीपेक्षा रंगपंचमी मोठी, तेव्हा पळसपाणी करणारी घरं अजून आहेत. तुरटीवर पिवळा येतो, चुन्याची निवळी घातली की नारिंगीकडं झुकतो.

नवी_पालवी

मी राजारामपुरीत राहते, बाल्कनीपुरतीच बाग. मला केशरी कॉसमॉसबद्दल विचारायचंय. तो इतका सहज येतो आणि माश्या तर तुटून पडतात. त्याचा रंग येतो का? आणि एक कल्पना: आमचा ग्रुप दर पावसाळ्यात पन्हाळ्याजवळ मसाई पठारावर जातो. या वेळी कॉसमॉसचे बीजगोळे करून टाकले तर? पठार नारिंगी होईल आणि माश्यांनापण खाद्य.

वनस्पतीवाला

पालवी, कृपा करून असं करू नका. ठळक अक्षरांत लिहितो: मसाईवर, मसाईच कशाला, कुठल्याच सड्यावर कॉसमॉसचं बी टाकू नका.

सडा म्हणजे जांभ्याचा कातळ आणि वर बोटभर माती. त्या बोटभर मातीत पावसाळ्यात जे येतं, गेंद, सीतेची आसवं, तेरडा, सोनकी, त्यातलं बरंच दुसरीकडं क्वचितच दिसतं. उन्हाळ्यात भाजून निघायचं आणि पावसाळ्यात पाण्यात उभं राहायचं, असा त्यांचा जन्म. कॉसमॉस मेक्सिकोकडचा. उंच वाढतो, दाट वाढतो, एका झाडाचं शेकडो बी, आणि ते बी कपड्याला, गुरांच्या अंगाला चिकटून पुढं जातं. पुण्याच्या टेकड्यांवर सप्टेंबरात तो पसरलेला दिसतो, लोक त्याच्यासमोर फोटो काढतात. खाली काय दबलं ते फोटोत येत नाही.

खवचट_पेठकर

सर, झेंडूपण मेक्सिकोचाच की. त्याला तुम्ही काही बोलला नाही. देवाला चालतो म्हणून सूट का?

वनस्पतीवाला

चांगला टोला. दोन्ही मेक्सिकोकडचे, खरं आहे. फरक वागण्यात आहे. झेंडू आपण दरवर्षी रोप करून लावतो. शेताबाहेर तो कडेकडेनं रेंगाळतो, रान काबीज करत नाही. कॉसमॉस करतो. परका आहे म्हणून वाईट असं मी म्हणतच नाही. नाहीतर मिरची-बटाट्यालाही घराबाहेर काढावं लागेल, आणि मग तांबडा रस्सा कशाचा करणार?

ताईंच्या दोन गुंठ्यांत कॉसमॉस लावायला माझी हरकत नाही, कारण त्या खुडणार आहेत. फूल बी धरायच्या आत खुडलं की पसरायचा प्रश्न मिटतो. रंगारी माणूस हाच त्याचा उत्तम पहारेकरी. फक्त शेवटच्या बहराला बी राहू द्यायचं नाही, पुढच्या वर्षाला लागेल तेवढं कागदात बांधून ठेवायचं आणि उरलेली झाडं उपटायची. ओढ्याच्या काठाला मात्र लावू नका. पाण्याबरोबर बी कुठवर जाईल सांगता येत नाही.

रंगारीण

कळलं. पालवी, रंगाबद्दल मी सांगते. कॉसमॉस म्हणजे माझं सगळ्यात लाडकं फूल. झेंडूचा पिवळा कुणीही काढतं, कॉसमॉस नारिंगी देतो. गरम पाण्यात फुलं टाकली की पाच मिनिटांत पाणी गडद होतं. तुरटी लावलेलं कापड त्यात घातलं की आधी भगवं, मग पाण्यात चिमूटभर धुण्याचा सोडा टाकला की डोळ्यांदेखत तांबूस विटकरी. लिंबू पिळलं तर परत पिवळ्याकडं. याचा अर्थ असा की ही साडी धुताना तेज साबण चालत नाही. रिठ्याच्या पाण्यात किंवा सौम्य साबणात धुवायची, हे मी चिठ्ठी लिहून सोबत देते.

आणि खुडलं की जास्त फुलतं. झाडाला बी धरायचंय, आपण धरू देत नाही, मग ते पुन्हा फुलं काढतं. त्यामुळं इथं माझं आणि माशीचं भांडण होत नाही. मी संध्याकाळी कालची फुलं काढते, सकाळी तिला नवी मिळतात.

शिरोळकर

आमची जमीन शिरोळ भागात. पाणी जास्त झालं, मीठ वर आलं, ऊस पिवळा पडतोय, ही कथा तुम्हाला माहीतच आहे. अशा रानात करडई बऱ्यापैकी तग धरते, म्हणून मी कडेनं दोन पट्टे टाकतो. घटस्थापनेच्या आसपास पेरायची, पौष-माघात फुलते. मावा पडतो, पण पट्ट्यावर ढालकिडेही तेवढेच येतात. फवारायची घाई केली नाही तर ते मावा आटोक्यात ठेवतात.

माश्या म्हणाल तर सकाळी करडईच्या पट्ट्यात उभं राहिलं की नुसता गुंजारव. त्याचा रंगाला उपयोग होतो का? काट्यांमुळं हात घालवत नाही हो.

रंगारीण

दादा, करडईचा उपयोग तर राजेशाही! कुसुंबी रंग म्हणतात तो हाच. पाकळ्यांत दोन रंग असतात. पिवळा पाण्यात सुटतो. पाकळ्या फडक्यात बांधून थंड पाण्यात चोळत राहायचं, पाणी पिवळं यायचं थांबेपर्यंत. तो पिवळा वेगळा वापरता येतो. मग उरलेल्या पाकळ्या सोड्याच्या पाण्यात चोळल्या की लाल सुटतो. त्यात कापड घालून लिंबाचा रस किंवा व्हिनेगर टाकत गेलं की गुलाबी चढतो. हे सगळं थंडच, चुलीवर ठेवलं की लाल गेला. उन्हात फिका होतो हे खरं, पण तो गुलाबी बाकी कुठल्या फुलात मिळत नाही.

आणि पाकळ्या कधी काढायच्या तर फूल पूर्ण मावळल्यावर, लालसर होऊन सुकायला लागल्यावर. तोवर माश्यांचं झालेलं असतं, दाणाही भरायला लागलेला असतो. म्हणजे तुमचं तेल तुम्हाला, पाकळ्या मला.

वनस्पतीवाला

काट्यांवर उपाय आहे. फलटणच्या निंबकर कृषी संशोधन संस्थेनं नारी-६ नावाचं बिनकाट्याचं वाण काढलेलं आहे. पाकळ्या काढायला ते सोयीचं. शिरोळकरांनी बियाण्याची चौकशी करावी.

शिरोळकर

हे माहीत नव्हतं. घरात सांगतो, खुरपायला जाणाऱ्या बायका दुवा देतील. पाकळ्यांचं बघू, ताई. वैरणीच्या टेंपोतनं कोल्हापूरला येणं असतंच.

मागवाला

इचलकरंजीहून. १९०४ ला विठ्ठलराव दातारांनी पहिला यंत्रमाग आणला तेव्हापासून हे गाव कापडावर जगतंय, त्यामुळं मी कापडाचं बोलतो. फुलांची चर्चा सगळेच करतात, खरी गंमत कापड तयार करण्यात आहे.

आमच्याकडनं जे ग्रे, म्हणजे मागावरनं उतरलेलं कोरं कापड घेऊन जाता, त्याच्या ताण्याला, उभ्या धाग्यांना, सायझिंगची कांजी असते. ती असताना कुठलाही रंग टाका, डागडाग बसणार आणि पहिल्या धुण्यात कांजीबरोबर रंग जाणार. मग लोक फुलाला शिव्या देतात. कापड रात्रभर पाण्यात भिजवा, दुसऱ्या दिवशी धुण्याचा सोडा आणि साबण घालून तासभर उकळा. पाणी चहासारखं तपकिरी येईल. ते टाका, पुन्हा करा. झालं की नाही कसं कळणार? कापड वाळवून त्यावर पाण्याचा एक थेंब सोडा. थेंब क्षणात आत शिरला तर तयार. मण्यासारखा वर बसून राहिला तर अजून उकळा.

रंगारीण

मागवाले दादा, तुमचा प्रतिसाद सोनाराकडं नेऊन फ्रेम करून घ्यायला पाहिजे. माझ्याकडं शिकायला येणाऱ्या मुली हीच पायरी टाळायला बघतात.

पुढचं मी जोडते. सुताला तुरटी एकटी धरत नाही, आधी हिरडा लागतो. कापडाच्या वजनाच्या वीस टक्के हिरड्याची पूड, म्हणजे अर्ध्या किलोच्या साडीला शंभर ग्रॅम. रात्रभर पाण्यात, कापड पिळून वाळवायचं, धुवायचं नाही. मग पंधरा टक्के तुरटी, पंचाहत्तर ग्रॅम, गरम पाण्यात विरघळवून त्यात कापड. पुन्हा वाळवून मग रंग. स्टीलचं किंवा इनॅमलचं पातेलं, आणि ते पुन्हा स्वयंपाकात आणायचं नाही. मोरचूद मी वापरत नाही. चमक येते, पण उरलेलं पाणी कुठं ओतणार? पंचगंगेत आधीच काय कमी आहे का?

काळा-राखाडी हवा असेल तर लोखंडी पाणी. गंजलेले खिळे, बिडाचे तुकडे, त्यात काळा गूळ आणि पाणी, झाकण सैल ठेवून दोन-तीन आठवडे. फेस येतो, वास येतो, मग शांत होतं. हिरड्याच्या कापडावर ते ब्रशनं लावलं की जागच्या जागी काळं. झेंडूच्या पिवळ्यावर हलकं लावलं तर शेवाळी हिरवा. जास्त झालं की सूत कुजतं, म्हणून पातळ करून. शिरोलीच्या फौंड्रीतला भंगार आणून देऊ का असं एकानं विचारलं होतं. तो नको, त्याला तेल असतं. आणि गूळ कोल्हापुरात मागायला कुणाकडं जावं लागतं?

सातेरी_भुदरगड

हिरड्याचं नाव निघालं म्हणून. तुम्हाला सुतावर रंग पक्का करायला हिरडा, चपलेच्या चामड्याला हिरडा आणि बाभळीची साल, आणि आमच्या माशीला हिरड्याचा मोहोर. सगळ्यांची गाठ त्या एका झाडावर येऊन पडते. राधानगरी-भुदरगड-शाहूवाडीत लोक हिरडा गोळा करतात. फळासाठी फांदी तोडली की पुढच्या वर्षी मोहोर नाही. तेव्हा ताई, तुमच्या बागेइतकाच तुमचा हिरडा कुठनं आणि कसा येतो याकडंही लक्ष असू द्या. दोन गुंठ्यांतल्या कॉसमॉसपेक्षा एका जुन्या हिरड्यावर जास्त माश्या चरतात.

रंगारीण

हे मनावर घेतलं. वाण्याकडनं पुडी आणते, कधी विचारलं नाही कुठनं येतो. तुमच्याकडं कुणी झाडाखालचा वेचून देणारं असेल तर व्यक्तिगत निरोप करा. दोन पैसे जास्त द्यायची तयारी आहे.

बावड्याची_काकू

शेंदरीचं झाड कुणी लावलंय का? आमच्या माहेरी होतं. बोंडं लाल, केसाळ. आतल्या बियांनी हात रंगायचे.

वनस्पतीवाला

काकू, बरं झालं विचारलंत. शेंदरी लावाच. रंग बियांवरच्या मेणासारख्या थरात असतो, म्हणजे फुलाला हातच लावायचा नाही. श्रावण-भाद्रपदात फिकी गुलाबी फुलं येतात आणि त्यावर एक प्रकार बघायला मिळतो. या फुलाचे परागकोश डबीसारखे, टोकाला बारीक फट. नुसतं बसून पराग मिळत नाही. मोठा काळा भुंगा येतो, पुंकेसरांच्या गुच्छाला पायांनी घट्ट कवटाळतो, पंख मिटतो आणि अंग थरथरवतो. उडतानाचा घोगरा आवाज एकदम बारीक, चढा होतो. फटीतनं पिवळी पूड त्याच्या पोटावर उडते. मग तो सोडतो, पुन्हा घोगरा आवाज, पुढचं फूल. निळ्या पट्ट्यांची एक छोटी माशी असते, तीही असंच करते. सातेरीला हे जमत नाही, भुंग्यानं सांडलेलं ती वेचते.

आता या एकट्या माश्यांना फुलाइतकीच घराची गरज असते. भुंगा वाळक्या लाकडात, बांबूत भोक पाडतो. पट्ट्यांची माशी उघड्या मातीत बीळ करते. सगळीकडं पाचटाचं आच्छादन घातलंत तर तिला जागाच राहत नाही. आच्छादन चांगलंच आहे, पण एखादा कोपरा, उन्हाचा, पाणी न साचणारा, उघडा राहू द्या. कुंपणाचा जुना बांबू बदलायची घाई नको.

खवचट_पेठकर

म्हणजे आळस केला तरी पर्यावरणाची सेवा. हे मला झेपेल.

नवी_पालवी

नीळ? ती राहिलीच. कुंडीत येते का?

रंगारीण

येते, पण कुंडीभर पाल्यात रुमालही होणार नाही. आणि निळीत माशीचं खरं नुकसान आहे. रंग पानात असतो, तो फुलायच्या बेतात असताना सर्वात जास्त, म्हणून पाला त्याच वेळी कापतात. गुलाबी तुरे यायच्या आधीच झाड खाली. मी एक ओळ न कापता ठेवणार आहे, बी पण मिळेल.

बरं, फवाऱ्याचं कुणीच बोललं नाही. मागच्या हंगामात शेजारच्या उसात तण मारायला टू-फोर-डी मारलं. माझं फवारणीशी काही देणंघेणं नव्हतं, पण वारा माझ्याकडं होता. चार दिवसांत मखमलीचे शेंडे पिळवटले, पानं दोरीसारखी झाली. शेजारी माणूस चांगला आहे, भांडण काढायचं नाहीये.

शिरोळकर

ताई, हा दुखरा विषय. टू-फोर-डी रुंद पानाच्या झाडांवर चालतं, गवतवर्गावर नाही. म्हणून तर उसात वापरतात. याचाच फायदा घ्या. उसाच्या बाजूनं मक्याचे नाहीतर ज्वारीचे दोन-तीन दाट तास लावा. त्यांना काही होत नाही आणि फवारा अंगावर झेलतात. तुरीचं कुंपण लोक सुचवतील, माश्यांना ती आवडतेही, पण त्या बाजूला नको, पहिली तीच पिळवटेल. तूर आतल्या अंगाला.

शेजाऱ्याला एवढंच सांगा, टू-फोर-डीचा एस्टर प्रकार हवेत उडून जातो, त्याऐवजी सोडियम नाहीतर अमाइन क्षाराचं घ्या आणि वारा पडलेला असताना मारा. त्याचंही औषध वाया जात नाही, त्याला पटेल. कीटकनाशक असेल तर संध्याकाळी, माश्या परतल्यावर. आधी एक फोन करा म्हणावं.

सातेरी_भुदरगड

मक्याला +१. मक्याचा परागही माश्या नेतात.

मागवाला

रंगून झाल्यावर एक चाचणी करा, आमच्या धंद्यात याशिवाय माल पुढं जात नाही. पट्टीचा अर्धा भाग पुठ्ठ्यानं झाका, खिडकीत दोन आठवडे उन्हात ठेवा. मग पुठ्ठा काढा. झाकलेला नि उघडा भाग शेजारी शेजारी बघितला की गिऱ्हाइकाला काय सांगायचं ते कळतं. हळदीची पट्टी ठेवून बघा एकदा, पुन्हा हळदीचं नाव काढणार नाही.

रंगारीण

दादा, हळद मी आधीच सोडली.

आतापर्यंतच्या चर्चेवरून माझा आराखडा असा झालाय. उसाच्या बाजूला मका. त्याच्या आत पावसाळ्यात एकेरी मखमल आणि कॉसमॉस, एकदम न लावता तीन-तीन आठवड्यांनी, म्हणजे श्रावणापासून दिवाळीपर्यंत काही ना काही फुललेलं राहील. दसऱ्यानंतर निम्म्या जागेत करडई. कोपऱ्यात शेंदरी, विहिरीजवळ पारिजातक, एक ओळ नीळ, एक कोपरा उघडा. युरिया नाही, नुसता पाला माजतो आणि फुलं कमी. पळस मी लावणार नाही, रस्त्याकडेचे पुरेत.

कुणाकडं एकेरी मखमलीचं खात्रीचं बी आहे का? माझं बी गेल्या वर्षी गोंड्याशेजारी होतं, त्यात काय निघेल सांगता येत नाही.

बावड्याची_काकू

माझ्याकडं आहे. आजूबाजूला गोंडा नाही, दरवर्षी तेच बी धरते. लाल-पिवळी, एकेरी. पुडी करून ठेवते, पण न्यायला या, पोस्टात टाकायचं मला जमत नाही. येताना रंगवलेला एखादा तुकडा दाखवायला आणा. देठांचा रंग अजून तसाच येतो का ते मला बघायचंय.

रंगारीण

काकू, रविवारी सकाळी येते. पारिजातकाचे देठ वाळवून ठेवलेले असतील तर मूठभर द्या, तुमच्यासमोरच रेशमाचा तुकडा रंगवू. पातेलं माझं आणते.

खवचट_पेठकर

रविवारी बावड्यात मीपण असतो, मिसळ खायला. शेंदरीचं रोप कुठल्या नर्सरीत मिळतं कुणी सांगेल का? बायकोनं हा धागा वाचलाय.